किक मारताना पेडल सटकतं, भाग बदलला तरी पुन्हा सटकतं: ट्रायल सायकलचा दोष नेमका शोधायचा कुठे?

ट्रायल म्हणजे पाय न टेकता खडक-अडथळ्यांवरून सायकल उड्या मारत नेण्याचा खेळ, आणि त्यात पेडल जोरात दाबून घेतलेली झेप म्हणजे किक. तक्रार साधारण अशी असते. मागच्या चाकावर तोल धरलेला असतो, ब्रेक सोडता सोडता पूर्ण ताकदीने पेडल दाबलं जातं आणि ऐन वेळी ‘कट्’ असा आवाज होऊन पाय खाली जातो. सायकल पुढे झेपावतच नाही. नशीब चांगलं असेल तर पाय जमिनीवर टेकतो, नाहीतर नडगी पेडलवर किंवा छाती हँडलवर आपटते. मग फ्रीव्हील (पुढे दाबल्यावर पकडणारा आणि उलट मोकळा फिरणारा दातेरी भाग) गेलं असं ठरवून नवं, महाग फ्रीव्हील आणलं जातं. काही दिवस सगळं ठीक चालतं आणि पुन्हा तोच आवाज येतो.

हा दोष वारंवार उलटतो, कारण सटकणं हे लक्षण आहे आणि ते किमान अर्धा डझन वेगवेगळ्या जागांहून येऊ शकतं. त्यातही एका जागेचा दोष दुसऱ्या जागेची झीज करतो. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे आस, जरासा सरकला की चेन ढिली पडते, ढिली चेन दात्यांवर चढते, दात्यांची टोकं मोडतात, आणि मग एक्सल घट्ट करूनही चेन उडी मारतच राहते. अशा सायकलला नुसती नवी चेन लावली तर ती जुन्या दात्यांवर नीट बसत नाही. नुसतं नवं फ्रीव्हील लावलं तर जुनी, ताणलेली चेन त्याचे दाते खायला लागते. त्यामुळे माझा आग्रह एकच असतो: नेमकं काय सटकतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही भाग विकत घ्यायचा नाही.

पुढचं सगळं पुढे फ्रीव्हील असलेल्या सायकलला धरून लिहिलं आहे, म्हणजे क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) आट्यांनी बसणारं १८ दात्यांचं फ्रीव्हील आणि मागच्या हबवर (चाकाच्या मध्यभागावर) पक्कं बसलेलं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक. २० इंची सायकलवर मागे बहुधा १२ दाते असतात, २६ इंचीवर १५ च्या आसपास. मागे फ्रीव्हील किंवा फ्रीहब असलेल्या सायकलींनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो.

चेनवर येणारा ताण

साध्या सायकलवर वर्षानुवर्षे टिकणारी चेन इथे काही महिन्यांत का संपते, हे एका हिशेबात कळतं. ७० किलो वजनाचा माणूस १७० मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर नुसता उभा राहिला, तरी सुमारे ११७ न्यूटन-मीटर इतका पीळ तयार होतो. १८ दात्यांच्या स्प्रॉकेटची प्रभावी त्रिज्या साधारण साडेछत्तीस मिलिमीटर. म्हणजे चेनवर तीन हजार न्यूटनांहून जास्त ओढ येते, वजनाच्या भाषेत सव्वातीनशे किलोच्या आसपास. हाच माणूस ३२ दात्यांच्या चाकीवर उभा राहिला असता तर ती ओढ १८५ किलोच्या आतच राहिली असती. आणि हा झाला नुसत्या उभं राहण्याचा हिशेब. किक मारताना आपण हँडल वर खेचून शरीर खाली ढकलतो, तेव्हा आकडा यापेक्षा बराच वर जातो.

शिवाय मागच्या १२ दात्यांच्या स्प्रॉकेटवर एका वेळी जेमतेम सहा दात्यांभोवती चेन असते. ही सगळी ओढ त्या सहांमध्ये वाटली जाते, तीही सारखी नाही. पहिल्या एक-दोन दात्यांवर सर्वांत जास्त भार येतो. म्हणून ट्रायलच्या सायकलमध्ये ‘थोडीशी झीज’ ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

आधी रेघा ओढा

पांढरा पेंट मार्कर घ्या. नसेल तर नेलपॉलिशही चालतं. सगळं पुसून कोरडं करा आणि चार ठिकाणी सरळ रेघ ओढा. पहिली, क्रँकपासून फ्रीव्हीलच्या आतल्या, न फिरणाऱ्या भागावर. दुसरी, मागच्या स्प्रॉकेटपासून हबच्या कवचावर. तिसरी, दोन्ही बाजूंना एक्सलच्या वॉशरपासून ड्रॉपआउटवर (फ्रेमच्या ज्या खाचेत एक्सल बसतो तिथे). चौथी, बॉटम ब्रॅकेटच्या (दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात त्या भागाच्या) एक्सलच्या टोकापासून क्रँकवर, दोन्हीकडे.

आता पुढचं चाक भिंतीला टेकवा, मागचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने आवळून बांधा आणि तुमचा किकचा पाय पुढे येईल असा क्रँक आडवा करा. या स्थितीत चेनची एक कडी आणि तिच्याखालचा दाता यांच्यावर मिळून एक रेघ मारा, पुढे एक आणि मागे एक. नडगीचे गार्ड घाला, एका हाताने भिंतीचा आधार घ्या आणि पेडलवर उभं राहून जोर द्या, मग हलकेच दोन-चार हिसके द्या. चाक थोडं फिरवून वेगवेगळ्या दात्यांवर हेच पुन्हा करा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

सटकल्यावर खाली वाकून बघा, कोणती रेघ तुटली. चेन-दात्याची रेघ तुटली असेल तर चेनने उडी मारली. एक्सलची तुटली तर चाक सरकलं. हब आणि स्प्रॉकेटमधली तुटली तर तिथल्या खाचा किंवा आटे गेले. बॉटम ब्रॅकेटच्या टोकाशी तुटली तर क्रँक आणि एक्सलमधल्या खाचा. सगळ्या रेघा जागेवर आहेत आणि तरी पाय खाली गेला, तर मात्र संशय फ्रीव्हीलच्या आत जातो.

उभ्या सायकलवर काहीच सटकलं नाही तरी हरकत नाही. रेघा तशाच ठेवून नेहमीसारखा सराव करा आणि सटकल्या क्षणी थांबून बघा. चेन-दात्याची रेघ तेव्हा उपयोगाची नसते, पण बाकीच्या चारही जागा खरं सांगतात.

पायालाही बरंच कळतं. चेन एक दाता ओलांडते तेव्हा १८ दात्यांच्या चाकीवर क्रँक २० अंशांनी घसरतो, म्हणजे पेडल सुमारे सहा सेंटिमीटर खाली जातं. उडी पुढे असो वा मागे, हे अंतर तेवढंच राहतं. ही उडी जोर सर्वांत जास्त असतो त्या क्षणी बसते आणि आवाज कडाडून येतो. फ्रीव्हीलचं सटकणं बहुधा जोराच्या अगदी सुरुवातीला होतं: पाय आधी मोकळा जातो, मग धक्का बसून पकड येते. चाक सरकतं तेव्हा पाय फारसा खाली जात नाही, ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि नंतर चेन लोंबताना दिसते.

एक्सल: सर्वांत स्वस्त दुरुस्ती

मागून बघा. टायर दोन्ही चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांच्या) बरोबर मध्ये आहे का? चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे एक्सलचं उजवं टोक पुढे ओढलं जातं आणि टायरचा पुढचा भाग डाव्या चेनस्टेकडे झुकतो. टायर डावीकडे घासल्याची खूण असेल तर तुमचं निम्मं निदान झालं.

आडव्या ड्रॉपआउटच्या ट्रायल फ्रेमवर एक्सल मागे धरून ठेवायला बहुतेक वेळा गोगलगायीच्या आकाराचे कॅम असतात, ते फ्रेमवरच्या एका खुंटीला टेकतात. इथे मुख्य गडबड अशी होते की, कॅम खुंटीला टेकलेला दिसतो, पण प्रत्यक्षात मध्ये कागदाएवढी फट असते. पहिल्या जोरदार किकला ती फट भरून निघते आणि चेन ढिली होते. म्हणून बोल्ट आवळताना कॅम बोटाने खुंटीवर दाबून धरा, आधी उजवी बाजू आवळा, मग चाक मध्ये आणून डावी. कॅमच्या कडेला खुंटीचा खड्डा पडला असेल तर कॅम बदला. त्या खड्ड्यात तो दर वेळी थोडा खाली बसतो आणि ताण टिकत नाही.

ड्रॉपआउट आणि वॉशरचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून कोरडे ठेवा, तिथे तेलाचा थेंबही नको. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस लावा. आटे कोरडे असले की पान्याला जोर लागतो, पण तो जोर घर्षणात जातो आणि पकड कमीच राहते. ॲल्युमिनियमच्या ड्रॉपआउटवर खरखरीत स्टीलचे वॉशर बसवून बसवून जागा चेपली गेली असेल तर ती कानशीने हलकेच सपाट करून घ्या. नाहीतर चाक सारखं जुन्याच खळगीत घसरत राहील.

उभ्या ड्रॉपआउटची फ्रेम असेल तर हा प्रश्न येत नाही, पण तिथे टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, लागतो. तो चेन वर ढकलणारा घ्या. त्यामुळे मागच्या छोट्या स्प्रॉकेटला चेन जास्त वेढते आणि एखादा दाता अधिक कामाला येतो. खाली ओढणाऱ्या टेन्शनरमध्ये उलट होतं. टेन्शनरची स्प्रिंग हाताला मऊ लागत असेल तर तिच्यावर विसंबू नका. सायकल उंचावरून उतरते तेव्हा चेन उसळते आणि तेवढ्यात दाता सुटतो.

चेन: मोजल्याशिवाय बोलू नये

चेनचा झोल बघताना क्रँक आणि चाक फिरवत सर्वांत ताणलेली जागा शोधा. कोणतंच स्प्रॉकेट अचूक गोल बसलेलं नसतं, त्यामुळे एका जागी चेन घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल लागते. घट्ट जागी चेन मधोमध धरून वर-खाली मिळून आठ-दहा मिलिमीटर हलायला हवी. त्याहून घट्ट केली तर हबचे बेअरिंग आणि फ्रीव्हीलचे छर्रे लवकर जातात. त्याहून सैल असेल तर उडी मारायला वाव मिळतो. एक सांभाळा: पुढे फ्रीव्हील असलेल्या सायकलवर चाक फिरलं की चेनही फिरते. बोटं चेनजवळ असताना चाक फिरवू नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर चाकाचा वेग लगेच थांबत नाही.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. ३०६.३ झालं की अर्धा टक्का झीज झाली. रस्त्यावरच्या सायकलला पाऊण टक्क्यापर्यंत सवलत देता येते, ट्रायलला मी देत नाही. अर्धा टक्का झाला की चेन बदलायची. चेन स्वस्त आहे आणि ती वेळेवर बदलली तर फ्रीव्हील वाचतं, हा सौदा कायम फायद्याचाच असतो.

चेन निवडताना रुंदी जुळते का ते बघा. एक अष्टमांश इंची स्प्रॉकेटवर तीन बत्तिसांश इंची चेन चढतच नाही. उलट केलं तर चालतं, पण चेन आडवी डुलते. रुंद चेन आणि रुंद दाते हा ट्रायलसाठी सरळ उपाय आहे. सगळ्या कड्या वाकड्या, म्हणजे ‘हाफ लिंक’ प्रकारच्या असलेल्या चेन दिसायला दणकट वाटतात, पण त्यांच्या वाकड्या पट्ट्या ताणाखाली हळूहळू सरळ होतात आणि लांबी वाढते. लांबी जुळवायला एखादी हाफ लिंक ठीक आहे, पूर्ण चेन तशी नको. जोडणीसाठी क्लिपवाली कडी शक्यतो टाळा. खडकावर चेन घासली की क्लिप उडते. पिनने जोडा, आणि जोडल्यावर ती कडी बाकीच्यांसारखी सहज वाकते का ते बघा. अवघडलेली एक कडी दर फेरीला दात्यावर उंच बसते, आणि किक नेमकी त्याच कडीवर पडली की चेन उडी मारते. पकडीत दोन्ही बाजूंना हलकंसं वाकवून ती मोकळी करा.

दाते आणि चेनची रेषा

नव्या दात्याचं टोक दोन्ही बाजूंनी सारखं असतं. झिजलेला दाता एका बाजूला कलतो, त्याच्या पायथ्याशी खोबण पडते आणि शेवटी शार्कच्या पाठीवरच्या परासारखा तिरका होतो. पण इथवर वाट पाहायची गरज नाही. नवी चेन लावून स्प्रॉकेटच्या मध्यावरून ती पुढे ओढा. कडी दात्यापासून उचलली जाऊन खालून उजेड दिसत असेल तर दाते गेले. पुढचे आणि मागचे दाते वेगळ्या वेगाने झिजतात. मागचं स्प्रॉकेट लहान, म्हणून ते आधी जातं. सुदैवाने तेच सर्वांत स्वस्त असतं. दोन-तीन चेनमागे एकदा ते बदलायचं हा हिशेब ठेवला तर फारसं चुकत नाही.

मागे फ्रीव्हील असलेल्या सायकलवर एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिथे पुढची चाकी क्रँकला पक्की असते आणि आपण किक नेहमी एकाच पायाने, एकाच कोनात मारतो. त्यामुळे चाकीचे तेच तीन-चार दाते प्रत्येक किकचा भार घेतात, बाकीचे नवेकोरे राहतात. चाकी खाचांवर किंवा बोल्टांवर बसणारी असेल तर ती काढून थोडी फिरवून बसवा, आयुष्य दुप्पट होतं. पुढे फ्रीव्हील असलं की दाते चाकाबरोबर फिरत राहतात आणि भार आपोआप वाटला जातो.

चेनची रेषा मागून एक डोळा मिटून बघा. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही या ताणाखाली जाणवतो, कारण तिरकी चेन दात्याच्या कडेवर चढते. स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला, चेनच्या पट्ट्या घासून चकचकीत झालेली एकच बाजू दिसत असेल तर रेषा चुकली आहे. मागच्या हबवरचे स्पेसर इकडून तिकडे करून ती जुळवता येते. नवं फ्रीव्हील किंवा नवा बॉटम ब्रॅकेट बसवल्यावर रेषा बदलते, आणि ‘नवं लावल्यावर जास्तच सटकायला लागलं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

फ्रीव्हील: आत नेमकं काय होतं

फ्रीव्हीलच्या आत दात्यांची एक कडी आणि स्प्रिंगने तिच्यात रुतणाऱ्या छोट्या खिट्या, म्हणजे पॉल, असतात. पॉल पूर्ण रुतला की तो प्रचंड भार घेतो. अर्धवट रुतला तर सगळा भार त्याच्या टोकाच्या बारीक कडेवर येतो, कड निसटते आणि जाता जाता थोडी गोल होते. पुढच्या वेळी ती आणखी सहज निसटते. म्हणजे प्रत्येक सटकणं पुढच्या सटकण्याची सोय करून ठेवतं.

अर्धवट रुतण्याची तीन मुख्य कारणं आहेत. सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे जाड ग्रीस. फ्रीव्हील टिकावं म्हणून लोक त्यात बेअरिंगचं ग्रीस भरतात, टकटक आवाज बंद होतो आणि काम छान झालं असं वाटतं. पण आवाज बंद झाला याचाच अर्थ पॉल सावकाश पडताहेत. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं आणि पॉल चिकटूनच राहतात. फ्रीव्हीलमध्ये पातळ तेल हवं, काही थेंब, तेही वरचेवर. दुसरं कारण पाणी आणि माती: गंजलेली स्प्रिंग मरते आणि पॉल ढकलला जात नाही. तिसरं कारण छर्रे झिजणं. फ्रीव्हील हातात धरून आडवं हलवा. कडी डुगडुगत असेल तर एका बाजूचे पॉल खोल रुततात आणि दुसऱ्या बाजूचे वरवर. तेल बदलून हा दोष जात नाही.

निदान कानाने करा. चेन काढा, फ्रीव्हील हळूहळू मागे फिरवा. टकटक एकसारखी, कोरडी आणि स्पष्ट हवी. एखाद्या ठिकाणी आवाज बसका झाला किंवा गळला तर त्या जागी बोटाने पुढे दाबून बघा.

साफ करायचं असेल तर आधी न उघडता प्रयत्न करा. डिग्रीझरमध्ये बुडवून फिरवा, मळ निघेपर्यंत परत परत करा, पूर्ण वाळू द्या आणि मग पातळ तेल सोडा. जाड ग्रीसमुळे सटकत असेल तर एवढ्याने फरक पडतो. उघडायचं ठरवलं तर लक्षात ठेवा, बहुतेक फ्रीव्हीलच्या झाकणाला उलटे आटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटतं. खाली पांढरं कापड पसरा, कारण छर्रे आणि बारीक स्प्रिंगा उडतात. तेलात चमचम करणारे धातूचे कण दिसले, पॉलची टोकं गोल झाली असतील किंवा आतल्या दात्यांचे टवके उडाले असतील, तर ते फ्रीव्हील पुन्हा जोडून वापरू नका. ते नक्की दगा देणार, आणि तुम्ही दोन दगडांच्या मधे असताना देणार.

आता निवड. फ्रीव्हीलला एका फेऱ्यात किती जागी पकड मिळते हा आकडा महत्त्वाचा. स्वस्त फ्रीव्हीलला १८ जागा असतील तर पकड येईपर्यंत क्रँक २० अंशांपर्यंत मोकळा जाऊ शकतो, १७० च्या क्रँकवर जवळजवळ सहा सेंटिमीटर. ७२ जागांच्या फ्रीव्हीलला हेच अंतर पंधरा मिलिमीटर, १०८ जागांच्या फ्रीव्हीलला दहा मिलिमीटर. १८ वरून ७२ वर आलात की सायकल वेगळीच वाटते. ७२ वरून १०८ वर जाण्याने मिळणारा फरक पाच मिलिमीटरचा आहे. स्पर्धेत तोही मोलाचा असू शकतो, पण जितक्या जास्त जागा तितके आतले दाते बारीक आणि उथळ, आणि तितकी मळाची व जाड तेलाची सहनशक्ती कमी. सायकल दर आठवड्याला पुसून तेल घालणाऱ्याने १०८ घ्यावं. चिखलात चालवून तशीच उभी करून ठेवणाऱ्याला ७२ चं फ्रीव्हील जास्त इमानदारीने साथ देईल.

साध्या छोट्या मुलांच्या सायकलचं फ्रीव्हीलही त्याच आट्यांवर बसतं, म्हणून ते ट्रायलला लावायचा मोह होतो. तसं करू नका. ते या भारासाठी बनवलेलंच नसतं.

क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट

ट्रायलच्या बहुतेक सायकलींवर आयसिस पद्धतीचा, दहा खाचांचा एक्सल असतो. क्रँकचा बोल्ट थोडा ढिला राहिला की खाचांच्या कडा चेपतात आणि नंतर कितीही आवळलं तरी क्रँक किंचित फिरत राहतो. बोल्टवर उत्पादकाने दिलेलाच टॉर्क द्या, बहुधा तो ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अंदाजाने हा आकडा गाठणं कठीण, टॉर्क पाना लागतो. डाव्या पायाने किक मारणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. उजवा क्रँक फ्रीव्हीलला थेट जोडलेला असतो, पण डाव्या पायाचा सगळा जोर एक्सल पिळत पलीकडे जातो, आणि दोन्ही बाजूंच्या खाचांवर भार येतो.

याच वेळी फ्रेमही तपासा: बॉटम ब्रॅकेटच्या कवचाजवळचे जोड आणि ड्रॉपआउटच्या मुळाशी असलेली वेल्डिंग. रंगातली केसासारखी रेघ नखाला लागली तर ती भेग समजा. भेग पडलेली फ्रेम किकखाली वाकते, चेन क्षणभर ढिली होते आणि उडी मारते. अशा वेळी सायकल चालवणं थांबवायचं. दुसरा मार्ग नाही.

कधी कधी दोष ब्रेकचाच असतो

वरचं सगळं तपासून काहीच सापडलं नाही तर मागचा ब्रेक बघा. पेडल किकमध्ये ब्रेक सुटण्याआधी चेन ताणलेली असते. ब्रेक त्याआधीच जरासा घसरला तर चाक पुढे जातं, पायाखालचा जोर अचानक हलका होतो आणि फ्रीव्हील सटकल्याचा भास होतो. खात्री करायला रिमवर आणि पॅडजवळ टायरवर खडूने एक-एक खूण करा. ब्रेक धरून पेडल दाबा. दोन्ही खुणा सरकल्या तर ब्रेक घसरतोय. रिमवरची जागेवर राहून टायरवरची सरकली तर टायर रिमवर फिरतोय, हवा फार कमी आहे.

हायड्रॉलिक रिम ब्रेक वापरणारे रिमच्या बाजू ग्राइंडरने मुद्दाम खरखरीत करतात. ही खरखर कायमची नसते. पॅडवर धातूची भुकटी बसून चकाकी आली की पकड जाते. पॅड सँडपेपरवर घासा, रिम अल्कोहोलने पुसा. पुन्हा ग्राइंड करण्याआधी रिमची भिंत किती उरली आहे ते बघा, कारण दर वेळी ती पातळ होते. ग्राइंड केलेल्या रिमचे पॅड वेगळे आणि गुळगुळीत रिमचे वेगळे. अदलाबदल केली तर दोन्ही निकामी ठरतात. मागुराच्या एचएस ३३ सारख्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. त्यात डॉट फ्लुइड (मोटारीच्या ब्रेकमधला द्रव) घातलं तर आतली सीलं फुगतात आणि ब्रेक संपतो. डिस्क असेल तर चेनला स्प्रेने तेल मारणं बंद करा. हवेतून उडालेला तेलाचा तुषार पॅडमध्ये मुरला की पॅड टाकूनच द्यावे लागतात.

बदलायचं कोणत्या क्रमाने

पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: एक्सलचे कॅम आणि वॉशर, मग चेन आणि मागचं स्प्रॉकेट दोन्ही एकत्र, आणि त्यानंतरही सटकत असेल तरच फ्रीव्हील. चेन आणि मागचं स्प्रॉकेट वेगवेगळं घेऊ नका. फ्रीव्हीलचे बाहेरचे दाते चांगले आणि आतलं यंत्र गेलेलं, किंवा उलट, असंही होतं. म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.

जुनं फ्रीव्हील काढताना ते किकच्या जोराने आट्यांवर प्रचंड घट्ट झालेलं असतं. त्याच्या खाचांना बरोबर बसणारं टूल घ्या, ते बोल्ट लावून जागेवर पक्कं करा, टूल वाइसमध्ये धरा आणि क्रँकचाच दांड्यासारखा उपयोग करून फिरवा. बोल्ट न लावता जोर दिला तर टूल खाचांतून उडतं, खाचा मोडतात आणि मग फ्रीव्हील फोडून काढण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. नवं बसवण्याआधी क्रँकच्या आट्यांना भरपूर ग्रीस किंवा अँटी-सीझ लावा. पहिला आटा हातानेच चढवा, कारण हे आटे बारीक असतात आणि तिरके गेले तर क्रँकही वाया जातो.

नवं फ्रीव्हील पहिल्या काही किकमध्ये आट्यांवर आणखी घट्ट बसतं. तेव्हा पेडल किंचित पुढे गेल्यासारखं वाटतं, क्रँक आणि फ्रीव्हीलमधली रेघही थोडी हलते. त्याला सटकणं समजू नका. सपाट जागी, कमी उंचीवर, दोन्ही पायांवर भार ठेवून दहा-पंधरा जोरदार किक मारून घ्या. मग जुनी रेघ पुसून नवी ओढा, चेनचा झोल पुन्हा जुळवा आणि एक्सलचे बोल्ट तपासा. नवी चेनही पहिल्या एक-दोन सरावांत थोडी बसते, तेव्हा आठवड्याभराने तिचा झोल परत एकदा बघून घ्या.